कॅलेंडरवरचं वाक्य

आमच्या मंडळीत साक्ष द्यायची पद्धत होती, अजूनही आहे. प्रार्थनासभेत एकेकानं उभं राहायचं आणि प्रभूनं आपल्याला कशातून बाहेर काढलं ते सांगायचं. पद्धत चांगली आहे, माझी काही तक्रार नाही. पण तिच्यात एक गोची आहे आणि ती मी चौदाव्या वर्षीच हेरली होती. खड्डा जितका खोल सांगावा, तितकी सुटका मोठी वाटते. नांदेडला तरुणांच्या सभेत मी पहिली साक्ष दिली, तेव्हा मी बिड्या ओढत होतो, वाईट संगतीत पडलो होतो, घरातून पळून जायच्या बेतात होतो, असं सगळं सांगून मोकळा झालो. बायका पदरानं डोळे पुसायला लागल्या. पाळकसाहेबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. माझी आई नर्स होती, तिला थर्मामीटरवर दिसेल तेवढाच ताप खरा वाटायचा. घरी आल्यावर तिनं मला समोर बसवून विचारलं, "बिडी कधी ओढलीस रे तू?"

"ओढली नाही. पण ओढली असती ना!"

ती हसली नाही. "जे झालंच नाही त्यातून देवानं तुला कसं बाहेर काढलं?" असं म्हणून ती ड्यूटीवर निघून गेली. मला तिचा राग आला. सगळी सभा रडली आणि हिला एका बिडीचं पडलं होतं.

हे आधी सांगतोय ते एवढ्यासाठी, की पुढं लातूरला माझ्या हातून जे घडलं ते काही कट रचून घडलं नाही. सवयीनं घडलं. म्हणून ते लहान ठरत नाही. उलट कट रचणाऱ्याला निदान आपण काय करतोय ते कळत असतं.

भूकंपाला सात-आठ वर्षं झाली होती. लातूरला तेव्हा क्लासचं पीक आलं होतं. जिन्याखाली क्लास, गोदामात क्लास, आडत दुकानाच्या माडीवर क्लास. खाली तुरीची पोती आणि वर पन्नास-पन्नास पोरं एका सुरात रसायनशास्त्र पाठ करून राहिलेली. उदगीर, धर्माबाद, किनवट, कुठून कुठून पोरं यायची. मी एका मोठ्या क्लासात जीवशास्त्र शिकवायचो. मालकांना आम्ही मोठे सर म्हणायचो. जाहिरातीचा मजकूर लिहायचं काम माझ्याकडे होतं, कारण "तुमच्या भाषेला लई दम हाय" असं मोठ्या सरांचं मत होतं, आणि माझंही मत फारसं वेगळं नव्हतं.

माझा डबा मागच्या गल्लीतल्या मेसचा. मेस चालवणारी बाई किल्लारीच्या बाजूची, तिला सगळे मावशी म्हणायचे, मीही म्हणायचो. भूकंपात तिचा नवरा गेला, धाकटा मुलगा गेला. मोठी मुलगी ढिगाऱ्याखाली अडकली होती. तिला हिनं स्वतः, नुसत्या हातांनी दगड उपसून बाहेर काढलं. उजव्या हाताच्या दोन बोटांना नखं परत आलीच नाहीत. डब्याचं झाकण दाबताना ती बोटं रोज माझ्या नजरेसमोर असायची. म्हणजे मला काही माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही. मला सगळं माहीत होतं.

ती मुलगी आमच्याच क्लासची. पहाटे आईबरोबर भाकऱ्या थापायची आणि सातच्या बॅचला येऊन पहिल्या बाकावर बसायची. बारावीला बोर्डाच्या यादीत तिचं नाव आलं, नांदेडला मेडिकलला नंबर लागला. निकालाच्या आठवड्यात दुसऱ्या चार क्लासांनी तिचा फोटो छापला. त्यातल्या दोघांचा जिनासुद्धा तिनं कधी चढला नव्हता. लातुरात हे चालायचंच. पण मोठे सर चिडले. मला बोलावून म्हणाले, "पोरगी आपली हाय अन् चौघं पळवून राहिले. आता कॅलेंडरवर असं लिवा, की वाचनाऱ्याला ती आपलीच वाटली पायजे."

आमच्या क्लासचं कॅलेंडर जानेवारीत नव्हे, जुलैत निघायचं, नव्या बॅचबरोबर. पोरं ते गावोगाव घेऊन जायची आणि वर्षभर ते भिंतीवर राहायचं. मी खोलीत बसून आधी जे खरं होतं ते लिहिलं. भूकंपात वडील आणि भाऊ गमावलेली, आईनं खानावळ चालवून शिकवलेली, अशी ही मुलगी. वाचून पाहिलं. लंगडं वाटलं. त्यात आमचा क्लास शेवटी कुठंतरी अंग चोरून उभा होता, सगळं काही त्या आईनंच केलं होतं. मग माझा साक्षीचा हात जागा झाला. मी लिहिलं: "भूकंपानं आईबाप हिरावले, अनोळखी हातांनी ढिगाऱ्यातून काढलं, आणि आमच्या क्लासनं घडवलं." मोठ्यानं वाचलं. अंगावर काटा आला. माझ्याच वाक्यानं माझ्याच अंगावर काटा आला, इतका मी स्वतःवर खूश होतो.

मोठ्या सरांनी वाचलं आणि चष्मा वर केला. "हिची माय तर मेस चालवती ना?"

"सर, वाक्याला जोर येतो," मी म्हणालो.

हे मी नेहमी नीट सांगतो, कारण ऐकणाऱ्याला मालकानं माझ्याकडून खोटं लिहून घेतलं असं मानायला आवडतं. त्यांनी तर हटकलं होतं. मीच त्यांना समजावलं. ते हसले आणि म्हणाले, "मग येऊ द्या जोर."

कॅलेंडर आलं. फोटो झकास आला होता. दोन दिवसांनी डबा आणायला गेलो, तर मेसच्या भिंतीवर, चुलीपासून लांब, धूर लागणार नाही अशा जागी ते लावलेलं. मावशींना वाचता येत नव्हतं. फोटोखालच्या ओळीवर बोट ठेवून त्यांनी विचारलं, "सर, हितं काय लिवलंय हो माझ्या लेकीचं?"

मी वाचलं. "आईच्या कष्टानं शिकलेली गुणी मुलगी, आमच्या क्लासचा अभिमान." न अडखळता वाचलं. मावशींनी पदर तोंडाला लावला. त्या दिवशी माझ्या डब्यात ठेच्याबरोबर गूळ-तूप आलं. मी ते खाल्लंसुद्धा.

दिवाळीच्या सुट्टीआधी एका शनिवारी मी नांदेडला घरी निघालो, तर बसस्टँडवर मावशी भेटल्या. महिन्यातून एकदा त्या लेकीला भेटायला जायच्या. मांडीवर फडक्यात बांधलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. मी म्हटलं, चला, मी पोचवतो. नांदेडला उतरल्यावर रिक्षानं मुलींच्या होस्टेलवर गेलो. फाटकापाशी एक बाई वही घेऊन बसली होती. भेटायला येणाऱ्यानं नाव, वेळ आणि नातं लिहायचं. मुलगी खाली यायला वेळ होता, म्हणून मावशींच्या वतीनं मी लिहायला घेतलं. नात्याच्या रकान्यात लिहिलं, आई.

वहीवाल्या बाईनं बघितलं. "आई कशी? ही तर मावशी हाय तिची. त्या लेकराला आईबाप न्हाईत हो, भूकंपात गेले. आत खोलीत कॅलेंडर हाय, त्याच्यावर छापलंय समदं." आणि तिनं मागची पानं उलटून दाखवली. ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर. त्या मुलीचं टपोरं अक्षर मी तिच्या उत्तरपत्रिकांतून ओळखत होतो. दर खेपेला, मावशी.

मी काही बोलायच्या आत मावशी घाईनं म्हणाल्या, "हाव, मावशीच. सर चुकले. खोडा सर ते."

मी खोडलं. माझ्या हातानं 'आई' खोडून वर 'मावशी' लिहिलं. एका वाक्यापासून सुरू झालेलं माझं खोटं इथवर येऊन पोचलं होतं, आणि याही वेळी मी ते नीट, वाचता येईल अशा अक्षरात लिहिलं.

मुलगी जिन्यावरून उतरली. "मावशी, आलीस?" म्हणाली आणि मग तिला मी दिसलो. तिनं मान खाली घातली ती आम्ही निघेपर्यंत वर केली नाही. दशम्या घेतल्या, परीक्षेचं काहीबाही बोलली, गेली.

परत रिक्षात बसल्यावर मावशी म्हणाल्या, "तिला बोलू नगा. मीच सांगितलं तसं म्हनायला. ती हितं आली तवा लातूरच्या एका पोरीनं आदीच ते कॅलेंडर लावलेलं. समद्या पोरी हिला जवळ घ्यायला लागल्या, कुनी पुस्तकं दिली, कुनी खिडकीची कॉट दिली. आता माय जित्ती हाय म्हनली, तर लबाड ठरंल न्हवं का लेकरू? म्हनलं, मग मेलेलीच बरी मी."

"पण मावशी, तुम्हाला कसं कळलं काय लिहिलंय ते?"

"मेसमधल्या एका पोरीनं वाचून दाखवलं. तुमी वाचून गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी."

म्हणजे चार महिने या बाईला माहीत होतं. मी खोटं लिहिलं हेही आणि तिच्या तोंडावर खोटं वाचलं हेही. आणि चार महिने माझा डबा वेळेवर आला होता, एक भाकरी कमी न होता. मला इतकी लाज वाटली की मी मधेच रिक्षा थांबवून उतरलो, काहीतरी काम आठवल्याचं सांगून. तेही खोटंच होतं.

आता गुन्हा मनात घेऊन जगणं म्हणजे काय ते सांगतो, कारण त्याबद्दल लोक फार ढगातलं बोलतात. झोप लागते. जेवण जातं, पण चव लागत नाही. शिकवताना मुलं हसली की आपल्यालाच हसली असं वाटतं. आणि रविवार नको होतो. आमच्याकडे महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं. भाकर आणि प्याला घ्यायला सगळे उठून वेदीपाशी जातात. ज्याच्या मनात काही मिटायचं राहिलंय त्यानं जागेवर बसून राहायचं. मी बसून राहिलो. लातूरची आमची मंडळी लहान, साठ-सत्तर माणसं. एका महिन्याला पोट बिघडलंय म्हणता येतं. दुसऱ्या महिन्याला बाकावर एकटा उरलेला माणूस सगळ्यांना दिसतो.

मी प्रार्थना केली. उपास केले. गुडघ्यावर बसून रडलो, आणि ते रडणं खोटं नव्हतं. देवानं क्षमा केली याची मला तेव्हाही खात्री होती, आजही आहे. मागितली की मिळते, तो घासाघीस करत नाही. तरीही उठून वेदीपाशी जाता येईना, हे मला कळत नव्हतं. मग मला माझा जुना उपाय सुचला. बुधवारच्या सभेत मी साक्ष दिली. माझ्या लेखणीनं एका निष्पाप जिवावर कसा घाव घातला, मी कसा अंधारात चाचपडत होतो आणि प्रभूनं कसा हात दिला. सुरेख बोललो. पुढच्या रांगेतल्या दोघी हुंदके देत होत्या.

सभा संपल्यावर मंडळीतल्या आत्याबाई सतरंजी गुंडाळत होत्या. शाळेतून निवृत्त झालेल्या बाई, जन्मभर पोरांचे कान पिळलेल्या. सतरंजीचं दुसरं टोक माझ्या हातात देत म्हणाल्या, "छान बोललास. मलासुद्धा रडू आलं. पण कोणाचं काय केलंस ते त्यात कुठंच आलं नाही. त्या माणसाला सांगितलंस का?"

"देवाला सांगितलं, आत्याबाई."

"घाव देवाला घातला होतास का फक्त?" सतरंजी त्यांनी कपाटात सारली. "वेदीपाशी येण्याआधी ज्याचं बिघडवलंय त्याच्याकडे जाऊन ये, हे रविवारी पोरांना तूच शिकवतोस ना? का तेही नुसतं छान बोलायचं म्हणून?"

मी चिडलो. खरं सांगायचं तर त्यांच्यावर नाही, माझ्या आईवर. इतक्या वर्षांनी तीच पुन्हा समोर उभी राहिल्यासारखं झालं. पण घरी जाईपर्यंत मला समजून चुकलं होतं, की मी पापाची कबुलीसुद्धा त्याच हातानं लिहिली होती ज्या हातानं पाप केलं होतं. त्यातही काटा आणायचा होता मला.

दुसऱ्या दिवशी दुपारी, मेस बंद असताना गेलो. मावशी डाळ निवडत बसल्या होत्या. मी समोर बसलो आणि ठरवलं, की एकही चांगलं वाक्य बोलायचं नाही. म्हणालो, "मावशी, ते कॅलेंडरवरचं मी लिहिलं. मोठ्या सरांनी नाही, मी. मग तुम्हाला खोटं वाचून दाखवलं. मग होस्टेलच्या वहीत आई लिहिलेलं मीच खोडलं. मला माफ करा."

त्यांचा हात थांबला नाही. खडा काढून बाजूला टाकला. "ठाव हाय समदं."

"तरी सांगायला आलो."

"मला सांगून काय हुतंय, सर? मी जित्ती हाय हे मला ठावंच हाय. ज्यांला ठाव न्हाई त्यांला सांगा." मग पहिल्यांदा वर बघितलं. "माफ केव्हाच केलंय. एवढं पोटात ठिवून रोज तुमच्यासाठी भाकरी कशी थापली असती? पन माझ्या लेकीला लबाड म्हनलं कुनी, तर बघा."

असं सोपं करून त्यांनी मला अवघड काम दिलं. ती जिवंत आहे हे सांगायचं आणि मुलीच्या अंगाला डाग लागू द्यायचा नाही. मी परत आत्याबाईंकडे गेलो. त्या म्हणाल्या, "तुझं तेवढं सांग. पोरीनं काय केलं ते तिचं आहे, तिनं सांगायचं का नाही ते ती बघेल. दुसऱ्याच्या पापाची कबुली द्यायला तुला कोणी नेमलेलं नाही. पण सांगायच्या आधी तिला जाऊन कळव. पाठीमागून काही करू नको."

नांदेडला गेलो. ती फाटकाबाहेर आली आणि मी काय ठरवलंय ते ऐकून घेतलं. मग म्हणाली, "सर, मी आले तेव्हा ते भिंतीवर होतंच. कुणी मला विचारलंच नाही. पहिल्या दिवशी सगळ्या इतक्या मायेनं वागल्या, मला वाटलं उद्या सांगू. मग परवा. तुम्ही लिहिलं आणि मला ते रोज निभवावं लागलं."

"म्हणूनच मी माझं सांगणार आहे."

"सांगा. माझ्याबद्दल काही बोलू नका." आणि ती वळून आत गेली.

सोमवारी सातच्या बॅचला गेलो. सगळ्यांत मोठी बॅच, दाराबाहेरही पोरं उभी असायची. फळ्यावर पेशीची आकृती काढायच्या जागी मी हात पुसून उभा राहिलो. म्हणालो, "आपल्या कॅलेंडरवर जे वाक्य आहे ते खोटं आहे. ते मी लिहिलं. त्या मुलीची आई जिवंत आहे. ढिगाऱ्यातून तिला अनोळखी हातांनी काढलं नाही, तिच्या आईनं काढलं. मागच्या गल्लीतल्या मेसमध्ये तुमच्यातले कितीतरी जण तिच्याच हातचं जेवतात. खोटं लिहिलेलं मला माहीत होतं. आता वह्या उघडा."

कुणी वही उघडली नाही. धर्माबादची एक मुलगी उभी राहिली. "सर, म्हणजे आपल्या मावशी?"

"हो."

एवढंच. काटा वगैरे कुणाच्या अंगावर आला नाही, मला तरी दिसला नाही. माझ्या उभ्या आयुष्यातली सर्वांत सपक साक्ष ती. दिवसभरात चार बॅच होत्या, चारही बॅचना तेच सांगितलं, त्याच शब्दांत. पण पहिल्या बॅचनंतर जिना उतरताना मला कडकडून भूक लागली. कोपऱ्यावरच्या गाड्यावर उभ्या उभ्या तीन प्लेट भजी खाल्ली. चव लागत होती. तिखट जास्त झालंय असं मी त्या भजीवाल्याला सांगितलंसुद्धा.

संध्याकाळी मोठ्या सरांनी बोलावलं. "येड लागलं का तुमाला? पापाबिपाचं तुमच्या चर्चमधी सांगा की. माज्या क्लासमधी कशाला?"

"खोटं तुमच्या क्लासमधून बाहेर गेलं, सर. चर्चमधून नाही."

माणूस वाईट नव्हता. हटकलं होतं त्यांनी, हे त्यांनाही आठवत असणार. म्हणाले, "उरलेली कॅलेंडरं वाटू नका म्हनतो मी. पन तुमी हे वर्ष संपलं की दुसरीकडं बघा." ते बरोबर होतं त्यांच्या बाजूनं. नोकरी गेल्याचं मला वाईट वाटलं, वाटलं नाही असं म्हणणार नाही. पगार चांगला होता. उन्हाळ्यानंतर औशाच्या एका शाळेत लागलो. सकाळच्या बसनं जायचं, संध्याकाळी लातूरला परत. डबा मावशींचाच.

मधल्या काळात, पुढच्याच पहिल्या रविवारी, मी बाकावरून उठून वेदीपाशी गेलो. काही चमत्कार झाला नाही. भाकरीचा तुकडा घेतला, प्याल्याचा घोट घेतला, परत येऊन बसलो. पण त्या दिवसापासून मी जे बोलतो आणि मी जो आहे, ते दोन वेगळे गृहस्थ राहिले नाहीत. देवाची क्षमा मला आधीच मिळालेली होती. ती घेऊन सरळ उभं राहायला मात्र मला मेसपर्यंत आणि चार बॅचपर्यंत चालत जावं लागलं. हे चालणं टाळून कुणी मोकळं झाल्याचं मी तरी पाहिलेलं नाही.

पण मी मोकळा झालो म्हणून मावशींना त्यांची मुलगी मिळाली नव्हती. गल्लीतल्या पोरी आता त्यांच्याकडे वेगळ्या नजरेनं बघत, कुणी उगाचच भांडी उचलू लागत. नांदेडला मात्र त्या जाईनाशा झाल्या. मी विचारलं तर म्हणाल्या, "तिथं अजून मेलेलीच हाय मी. तिला कशाला अडचन?" यापुढचं काही माझ्या हातात नव्हतं आणि मी ते हातात घ्यायचंही नव्हतं.

पावसाळा संपता संपता एका शनिवारी संध्याकाळी औशाहून येऊन मी डब्यासाठी मेसमध्ये उभा होतो. पाच-सहा मुली ताटं घेऊन बसल्या होत्या. मावशी चुलीपाशी भाकरी थापत होत्या. दारात ती मुलगी येऊन उभी राहिली. खांद्याला पिशवी, अंगावर बसची धूळ. सगळ्यांनी फोटो पाहिलेला होता, मुली एकमेकींना कोपरं मारायला लागल्या. एकीनं विचारलंच, "मावशी, हीच का तुमची डॉक्टरीण?"

मावशींनी दारात बघितलं. क्षणभरच. मग मान खाली घालून परातीतल्या पिठाकडे बघत म्हणाल्या, "न्हाई गं. ही भाची हाय माझी. नांदेडची."

माझ्या तोंडात शब्द आला होता. मी तो आत ढकलला.

मुलीनं पिशवी खाली ठेवली. "भाची न्हाई," ती म्हणाली. होस्टेलातली भाषा कुठल्या कुठं गेली होती. "लेक हाय मी हिची. ही माझी माय हाय. होस्टेलात दर खेपेला मी हिला मावशी म्हनून लिवलं. सरांनी कॅलेंडरवर खोटं लिवलं, पन वहीत मी लिवलं. काल समद्या पोरींना सांगून आले."

"गप की," मावशी म्हणाल्या. "पोरी जेवायल्यात."

"जेवू दे." ती पुढं आली आणि चुलीपाशी बसली. "माय, भूक लागली मला."

तव्यावरची भाकरी करपायला लागली होती. मावशींनी ती उलटली नाही. दोन्ही हात पिठातच होते.

"पुन्यांदा म्हन," त्या म्हणाल्या.

"भूक लागली."

"ते न्हाई. त्याच्या आदलं."

"माय," मुलगी म्हणाली.